घरातल्या सुतारमुंग्या: आधी ओळख, मग मागोवा

खिडकीच्या चौकटीखाली चिमूटभर भुसा दिसला. झाडून काढला. चार दिवसांनी पुन्हा तेवढाच, त्याच जागी. मी तो जवळजवळ दीड महिना झाडत राहिलो, कारण घरात नुकतंच सुतारकाम झालं होतं आणि कुठल्यातरी सांध्यातून उरलासुरला भुसा गळत असणार अशी माझी समजूत होती. एकदा सहज सुपली उजेडात धरली, तर भुशात मुंगीचं डोकं होतं. अख्खं, काळं, जबड्यांसकट. शेजारी दोन-तीन पाय. सुतारकाम अजून चालूच होतं, सुतार तेवढे बदलले होते.

त्यानंतर मी केलेली चूक बहुतेक सगळेच करतात. फवारा आणला आणि दिसेल त्या मुंगीवर मारला. आठ दिवस शांतता. मग समोरच्या भिंतीतून मुंग्या यायला लागल्या. म्हणून ज्यांना असा भुसा किंवा रात्री फिरणारी मोठी काळी मुंगी पहिल्यांदाच दिसते आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे: तिला लगेच मारू नका. घर नेमकं कुठे ओलं झालंय हे त्या मुंगीला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. आधी ती कोण आहे ते बघा, मग तिच्या मागे जा.

ती लाकूड खात नाही

हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसायला हवं, कारण पुढचं सगळं यावरून ठरतं. वाळवी लाकूड खाते. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव लाकडातलं सेल्युलोज पचवायला मदत करतात. सुतारमुंगीला लाकूड पचत नाही. ती ते कुरतडते, तुकडे बाहेर टाकते आणि झालेल्या पोकळीत राहते. लाकूड हे तिचं घर, अन्न नव्हे. तिचं खाणं बाहेर असतं: झाडांवरचा मावा सोडतो तो गोड चिकट स्राव, मेलेले किंवा पकडलेले किडे, आणि घरात काही गोड किंवा मांसाहारी उघडं राहिलं तर तेही. शिवाय तिच्या शरीरात ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला असतात. आहारात कमी पडणारी अमिनो आम्लं ते तिला पुरवतात, त्यामुळे नुसत्या गोडावरही तिचं बरंच भागतं.

ती लाकूड खात नसल्यामुळे तिला रोज घराबाहेर पडावंच लागतं. आपल्याला ती सापडते ती याच कारणाने. वाळवी मातीच्या नळ्यांआड लपून वर्षानुवर्षं काम करू शकते. सुतारमुंगीला उघड्यावरून ये-जा केल्याशिवाय गत्यंतर नाही.

शास्त्रीय भाषेत या मुंग्यांचा वंश (जीनस) कॅम्पोनोटस. हे नाव गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये दिलं, आणि जगभरात या वंशातल्या हजाराहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. पण वंशाचं नाव सुतार पडलं म्हणून त्यातली प्रत्येक मुंगी सुतारकी करतेच असं नाही. आपण ज्याला मुंगळा किंवा डोंगळा म्हणतो तो कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस याच वंशातला आहे, पण तो सहसा जमिनीत, झाडाच्या बुंध्यापाशी वारूळ करतो. घरात मुंगळा दिसला म्हणजे चौकट पोखरली गेलीच, असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो फक्त खाणं शोधत आलेला असतो. उलट उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली कॅम्पोनोटस पेनसिल्वॅनिकस आणि पश्चिमेकडची कॅम्पोनोटस मोडॉक या जाती लाकडी घरांत मुक्काम ठोकण्यासाठीच ओळखल्या जातात. मुंगी दिसली हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं ती कुठून येते त्यात आहे.

पायरी १: एक मुंगी पकडा आणि नीट बघा

पारदर्शक चिकटपट्टीने एक मुंगी उचला किंवा छोट्या डबीत घालून थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे ती निपचित पडेल. पांढरा कागद, मोजपट्टी आणि साधं भिंग पुरे. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा.

लांबी आणि रंग यांवर लोक सगळ्यात जास्त भर देतात, आणि फसतात ते तिथेच. एकाच वसाहतीतल्या कामकरी मुंग्या साधारण ६ मिलिमीटरपासून १३ मिलिमीटरपर्यंत कितीही लांब असू शकतात. काही बारीक अंगाच्या, काही मोठ्या डोक्याच्या आणि दणकट जबड्यांच्या. म्हणून एकटी मुंगी मोजून फारसं काही कळत नाही. एकाच रांगेत लहान-मोठ्या मापांची सरमिसळ दिसली तर मात्र तो चांगला पुरावा आहे. रंगाचंही तेच: काळ्या असतात, काळपट तांबड्या असतात, काही जाती पिवळसरही असतात.

खरी खूण पाठीत आहे. मुंगी बाजूने बघा. डोक्यामागचा जो भाग, ज्याला पाय जोडलेले असतात, त्याची वरची कड सुतारमुंगीत अखंड कमानीसारखी असते. मध्ये खाच नाही, खळगा नाही. दिसायला साधारण सारख्याच असलेल्या इतर बऱ्याच मुंग्यांच्या पाठीवर तिथे ठळक खोलगट जागा असते. यानंतर कंबर बघा: पोटाच्या आधी एकच उभी गाठ असते, दोन नव्हेत. मिशा कोपरासारख्या दुमडलेल्या. आणि भिंग चांगलं असेल तर पोटाच्या अगदी टोकाला बारीक केसांचं कडं दिसेल. तिथे नांगी नसते, तिथून ती फॉर्मिक आम्ल सोडते. ही मुंगी डंख मारत नाही, चावते. आणि चावलेल्या जागी आम्ल पडलं की झोंबतं.

पंख असतील तर वेगळा विचार

एके दिवशी खिडकीच्या काचेवर पंखवाले किडे जमले की पहिली शंका वाळवीची येते. तीन गोष्टी तपासा. मुंगीची कंबर बारीक, वाळवीला कंबरच नसते, शरीर सरळ नळकांडं. मुंगीच्या मिशा दुमडलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीचे चारही पंख सारखे, शरीरापेक्षा बरेच लांब आणि हात लागला की गळणारे.

ठरलं की मुंग्याच आहेत, तर पुढचा प्रश्न किती आहेत हा. एखादी मोठी, पंख गळालेली मुंगी फरशीवर भटकताना दिसली तर ती नुकतीच मीलन होऊन जागा शोधत निघालेली राणी असू शकते. दार उघडं होतं म्हणून ती आत आली; तिच्यामागे अजून वसाहत नाही. पण बंद खोलीत, आतल्या बाजूने, डझनावारी पंखवाल्या मुंग्या बाहेर पडत असतील तर वारूळ घरातच आहे, आणि ते जुनं आहे. कारण पंखवाल्या मुंग्या तयार करण्याइतकी वसाहत मोठी व्हायलाच साधारण तीन ते सहा वर्षं लागतात.

राणीची सुरुवात तशी बिकट असते. ती एका लहान पोकळीत स्वतःला कोंडून घेते, अंडी घालते आणि बाहेर न पडता, न खाता पहिल्या पिल्लांना वाढवते. उडण्याचे स्नायू आता तिच्या कामाचे नसतात. ते जिरवून त्याच्यावरच ती हे निभावते. पहिली पिढी म्हणूनच खुरटी निघते. त्या बारक्या मुंग्या खाणं आणायला लागल्या की संसार वाढतो.

पायरी २: भुसा वाचायला शिका

माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा पुरावा, आणि सगळ्यात जास्त झाडून फेकला जाणाराही. काळ्या कागदावर थोडा भुसा पसरा.

सुतारमुंगीचा भुसा म्हणजे पेन्सिलीला टोक काढल्यावर पडणारी बारीक कात्रणं. तंतुमय, लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे. त्यात कचराही असतो: मेलेल्या मुंग्यांची डोकी आणि पाय, खाल्लेल्या किड्यांची कवचं, कधी भिंतीतल्या फोमचे किंवा कापसासारख्या आवरणाचे कण. नुसतं लाकूड सहसा नसतं, कारण घर झाडताना त्या सगळंच एका भोकातून बाहेर लोटतात. भुशात किड्यांचे अवयव सापडले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

चिमटीत पिठासारखं मऊ लागत असेल आणि वरच्या लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं असतील, तर ते भुंगेऱ्याचं काम. खसखशीसारखे सुटे, एकसारखे दाणे असतील आणि भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसत असतील, तर कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. आणि भिंतीवर मातीच्या नळ्या असतील तर जमिनीतली वाळवी. मग हा लेख बाजूला ठेवा, तिचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

भुशाच्या ढिगाच्या सरळ वर बघा. कुठेतरी लांबट फट किंवा छोटी खिडकी असेल. तीच त्यांची कचरा टाकायची जागा. येण्याजाण्याची वाट मात्र तीच असेल असं नाही. सगळा भुसा झाडून टाका, तिथे पांढरा कागद ठेवा आणि तारीख लिहा. दोन दिवसांत कागदावर नवा भुसा पडला तर काम चालू आहे. काहीच पडलं नाही तर कदाचित ते जुनं, सोडून दिलेलं वारूळ असेल. हा कागदाचा प्रयोग मी पहिल्याच आठवड्यात केला असता तर दीड महिना वाचला असता.

पायरी ३: रात्री तिच्या मागे जा

या मुंग्या दिवसाही दिसतात, पण खरी लगबग सूर्य मावळल्यावर सुरू होते आणि मध्यरात्रीच्या आसपास जोरात असते. घरातले दिवे बंद करा. टॉर्चच्या तोंडावर लाल पारदर्शक कागद लावा. मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्या बिचकत नाहीत. पांढरा झोत टाकलात तर रांग विस्कटते.

जिथे मुंगी दिसली होती तिथे संध्याकाळीच पाणी घालून पातळ केलेल्या मधाचे दोन थेंब एका कागदाच्या तुकड्यावर ठेवा. त्या गोडाकडे वळत नसतील तर मारलेला एखादा किडा ठेवून बघा. वारुळात अळ्या वाढत असताना त्यांना प्रथिनं जास्त लागतात. मग बसून राहा. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही.

येणाऱ्या मुंगीकडे बघू नका, परतणारीकडे बघा. येणारी भटकत येते. पोटभर प्यायलेली मुंगी मात्र बऱ्यापैकी थेट घरी जाते. तिला ओळखणंही सोपं: पोट फुगून त्यावर फिके पट्टे दिसायला लागतात. ती दृष्टीआड झाली ती जागा पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या मुंगीची वाट बघा. एका रात्रीत दोन-तीन मीटर उमगले तरी पुष्कळ.

त्यांना कडेकडेने चालायला आवडतं. पायपट्टीची धार, गालिच्याची किनार, भिंतीतून गेलेली वायर, नळाचा पाइप. या सगळ्या तयार सडका आहेत. बाहेर असाल तर छपराला टेकलेली फांदी, कुंपण, कपडे वाळत घालायची तार आणि घरात शिरणारी केबल आधी बघा. अन्नासाठी त्या वारुळापासून ९० मीटरपर्यंतही जातात, त्यामुळे रांग अंगणापलीकडच्या वठलेल्या झाडात गेली तर आश्चर्य मानू नका. तसं झालं तर ती आनंदाची बातमी आहे: वारूळ घरात नाही.

पायरी ४: कान लावा, टोचून बघा

संशय असलेल्या भिंतीला किंवा चौकटीला रात्री कान लावा. उलटा ग्लास चालेल, स्टेथोस्कोप असेल तर उत्तम. बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारा आणि थांबा. वारूळ जवळ असेल तर चुरचुर ऐकू येते, कोणीतरी चॉकलेटचा कागद हळूच चुरगळावा तशी. त्रास झाला की या मुंग्या जबडे आणि पोट लाकडावर आपटतात. तो धोक्याचा इशारा असतो आणि तो लाकडातून दूरवर जातो.

मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ लाकडावर आपटत पुढे सरका. भरीव आवाज पोकळ झाला की तिथे टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर आत काय आहे ते एका नजरेत कळेल. सुतारमुंगीच्या गल्ल्या पॉलिश पेपर मारल्यासारख्या गुळगुळीत आणि स्वच्छ असतात. लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातात. मऊ थर कोरलेला, कडक थर भिंतींसारखा उभा ठेवलेला. वाळवीच्या गल्ल्या याच्या उलट, खडबडीत आणि मातीने लिंपलेल्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ती कोरीव गल्ली बघितली तेव्हा राग यायच्या आधी कौतुक वाटलं होतं.

पायरी ५: एक वारूळ की अनेक?

फवारा मारूनही मुंग्या परत का येतात, याचं उत्तर इथे आहे.

सुतारमुंग्यांचा संसार बहुधा एका जागी नसतो. राणी, अंडी आणि कोवळ्या अळ्या मुख्य वारुळात असतात, आणि त्यांना ओल लागते. कोरड्या जागी अंडी सुकतात. म्हणून मुख्य वारूळ ओलसर, बहुतेकदा बुरशीने आधीच मऊ केलेल्या लाकडात असतं: बाहेरचा कुजका बुंधा, पोकळ झाड, जमिनीत रोवलेला खांब, किंवा घरातली गळकी जागा. वसाहत वाढली की आसपास उपवारुळं निघतात. तिथे कामकरी मुंग्या, वाढलेल्या अळ्या, कोश आणि पंखवाल्या मुंग्या असतात, राणी नसते. यांना ओलीची तितकी गरज नाही, त्यामुळे ती कोरड्या चौकटीत, पोकळ दारात, छतावरच्या फोममध्ये, वाळवीने किंवा भुंगेऱ्याने सोडलेल्या जुन्या पोकळीतही सापडतात. दोन्हींमध्ये रोज ये-जा चालू असते.

म्हणजे घरात तुम्हाला सापडलेलं वारूळ ही शाखा असू शकते आणि मूळ पेढी अंगणात. शाखा मारली तरी राणी अंडी घालतच राहते. खणताना पांढरी अंडी आणि अगदी बारीक अळ्या दिसल्या तर तुम्ही मूळ जागी पोचलात. नुसते पिवळसर लांबट कोश दिसले तर शोध संपलेला नाही. (लोक या कोशांनाच अंडी समजतात. अंडी त्याहून कितीतरी लहान असतात.)

इथे थोडं विषयांतर. फ्लोरिडातल्या कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनस या जातीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जखमी सोबतिणीच्या मांडीला इजा झाली असेल तर इतर मुंग्या तिचा पाय मुळाशी कुरतडून काढून टाकतात, आणि जखम खाली नडगीला असेल तर फक्त चाटून साफ करतात. पाय कापलेल्या मुंग्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जगल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या कीटकाशी आपला सामना आहे, हे लक्षात असलेलं बरं.

पायरी ६: आता उपाय

आधी पाणी. मुंग्यांची वाट जिथे संपली त्याच्या आसपास गळका नळ, बाथरूममधल्या टाइल्समागची ओल, तुंबलेली पन्हाळ, खिडकीच्या चौकटीतून झिरपणारा पाऊस, एसीच्या नळीचं ठिबकणं, यांपैकी काहीतरी सापडण्याची दाट शक्यता असते. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. साधारण २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की कुजवणाऱ्या बुरशीला ते लाकूड मानवतं. गळती बंद करा, कुजलेला भाग काढून नवीन घाला. नुसती पुट्टी भरून वरून रंग दिलात तर ओल आत कोंडली जाते आणि मुंग्यांची सोयच होते.

आमिष वापरणार असाल तर ते सावकाश मारणारं हवं. कामकरी मुंगी पातळ अन्न पोटात साठवून नेते आणि तोंडाने तोंडात इतरांना भरवते. विष तिला वाटेतच मारणारं असेल तर ते राणीपर्यंत पोचणार कसं? बोरिक आम्ल मिसळलेली गोड आमिषं यासाठीच सौम्य प्रमाणात बनवतात. स्वतः मिश्रण करून “जरा जास्तच टाकू” हा मोह टाळा. आमिष रांगेच्या कडेला ठेवा, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही असं. आणि त्याच जागी फवारा मारू नका. वास आला की त्या आमिषाकडे फिरकत नाहीत.

वारूळ नेमकं सापडलं आणि ते हाताशी असेल तर सगळ्यात चांगलं: तो लाकडाचा तुकडाच उचलून घराबाहेर न्या. भिंतीच्या पोकळीत असेल तर भोक पाडून औषधाची पूड सोडावी लागते. आत विजेच्या तारा असू शकतात, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घ्या. छताची तुळई, जिन्याचा आधार किंवा भार पेलणारा कुठलाही खांब पोकळ वाजत असेल तरीही आधी माणूस बोलवा. आणि जो कोणी येईल त्याला वारूळ कुठे आहे हे विचारा. न शोधता सगळ्या घराच्या कडेने फवारा मारतो म्हणणाऱ्याला मी तरी परत पाठवीन.

बाहेर छपराला टेकलेल्या फांद्या छाटा, सरपणाची रास भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून उंच रचा, कुजके बुंधे काढा. निरोगी झाडाच्या पोकळीत वारूळ असेल तर झाड तोडायची घाई नको. पोकळी बहुधा आधीच कुजलेली होती, मुंग्या मागून आल्या.

दुरुस्तीनंतर भुशाच्या जागेचा तो पांढरा कागद काढू नका. मी माझा वर्षभर तसाच ठेवला होता, कोपऱ्यात तारीख घालून. थंडीत या मुंग्या थंडावतात, त्यामुळे तेव्हाचा कोरा कागद खरा मानू नका. उकाडा सुरू झाला की एका रात्री त्याच खिडकीत पुन्हा मधाचे दोन थेंब ठेवा, लाल कागद लावलेला टॉर्च घ्या आणि तासभर बसा. कोणी आलंच, तर परत जाताना ती कुठल्या बाजूला वळते ते बघा.